रविवारचा संसार

केझाया टिल्मनला आजवर नवरे किती झाले, हे विल्मिंग्टन गावात कुणालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. खुद्द केझायाही बोटं मोजता मोजता मध्येच नाद सोडून द्यायची. ब्रँडीवाइन नदीच्या पुलावरून तिची खेचराची गाडी जायची, तेव्हा तिच्या शेजारी एक पुरुष खाली मान घालून बसलेला असायचा आणि केझाया त्याची अशी काही हजेरी घेत असायची की पुलावरची माणसं आपणहून बाजूला व्हायची. हा पुरुष कधी ताडमाड उंच असायचा, कधी बुटका. कधी नुकतं मिसरूड फुटलेला, कधी दाढी पिकलेला. केझाया त्या सगळ्यांना आमोस म्हणायची.

पुलावरच्या पेनॉक शिपायाला इतक्या वर्षांत कधी संशय आला नाही. त्याच्या लेखी आम्ही काळी माणसं सगळी एकाच साच्यातून काढलेली. एकदाच काय ते त्याने डोळे बारीक करून विचारलं होतं, "काय गं केझाया, तुझा आमोस गेल्या खेपेला वीतभर जास्त उंच होता ना?"

"माझ्याशी संसार करतोय, साहेब," केझाया म्हणाली. "झिजणारच की माणूस."

पेनॉक इतका हसला की त्याला ठसका लागला. तो खोकत होता तेवढ्यात मेरीलँडच्या एका मळ्यातली गुलामी सोडून पळून आलेला तो बुटका आमोस पुलापार झाला.

पुलाच्या पुढे खेचराच्या चालीने दोनेक तासांत पोचता येईल अशा अंतरावर पेनसिल्व्हेनियाची हद्द होती. हद्दीच्या अलीकडे माणूस मालकाचा आणि पलीकडे स्वतःचा. पळालेल्यांना पकडणारे पलीकडेही यायचे, नाही असं नाही, पण तिथे दार उघडून आत घेणारी घरं होती आणि पुढे थेट कॅनडापर्यंत हातोहात पोचवणारी माणसं होती. त्यांचं काम ती जाणोत. केझायाचं काम पूल. आणि पुलाबद्दल तिचं एक साधं मत होतं. भ्यालेल्या माणसाकडे सगळ्यांची नजर जाते, पण भांडणाऱ्या नवराबायकोकडे बघायला कुणालाच आवडत नाही. आपल्या घरची आठवण होते.

ऑगस्टचा शेवटचा रविवार म्हणजे आमच्या चर्चची मोठी जत्रा. त्या दिवशी दूरदूरचे मालकसुद्धा आपल्या माणसांना चिठ्ठी देऊन सोडायचे. जा, गा, टाळ्या पिटा, पोटभर खा आणि सोमवारी पहाटे कामाला हजर व्हा. मग काय विचारता, अख्खा रस्ता आमच्या माणसांनी फुलून जायचा. एका कोपऱ्यात एक प्रवचनकार घसा फोडतोय, दुसऱ्यात दुसरा त्याच्यावर कडी करतोय, मध्ये कलिंगडांचे ढीग, तळलेल्या कोंबडीचा आणि खेकड्यांचा वास. माणसं पकडणारेही जत्रेला न चुकता यायचे, ते काही देवाचं नाव घ्यायला नव्हे.

केझायाचं तळणाचं दुकान चर्चच्या मागच्या अंगणात असायचं. त्या वर्षी दुपारच्या प्रवचनानंतर तिच्या कढईसमोर एक जोडपं येऊन उभं राहिलं. पुरुषाचं नाव लेविन, बाईचं हेस्टर. दोघं मेरीलँडचे, आमच्या रीतीप्रमाणे जमिनीवरचा झाडू मिळून ओलांडून नवराबायको झालेले, पण मालक वेगवेगळे आणि मळेही वेगवेगळे, मध्ये मैलोन् मैल शेतं. हेस्टर मालकिणीच्या घोडागाडीतून रिकाम्या हाताने आली होती, लेविन झाकलेली टोपली काखोटीला मारून पायी. हेस्टरच्या मालकाने तिचा सौदा केलेला होता. दोन दिवसांत दूर दक्षिणेतल्या जॉर्जियाचा व्यापारी येऊन तिला घेऊन जाणार होता, आणि जॉर्जियाला गेलेलं माणूस परत आलेलं आमच्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

"म्हणजे जे काय करायचं ते आजच," केझाया म्हणाली. "ठीक. लेविन, तू आज माझा आमोस हो. तुला पलीकडे सोडून मी परत येते, मग हेस्टरला नेते."

"नाही, मावशी," लेविन म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"चार वर्षं आम्ही वेगवेगळेच राहिलोय. आता जे काय होईल ते दोघांचं बरोबर होईल."

हेस्टरने त्याची बाही धरली. केझायाला राग आला, कारण पुलावरून आलेली खबर वाईट होती. पेनॉकच्या शेजारी आज मेरीलँडहून आलेला एक पकडणारा ठाण मांडून बसला होता आणि तो नेमक्या जोड्याच बघत होता. एकटा माणूस पळताना डोकं वापरतो, जोडी पळताना हातात हात घालते, असं तो म्हणे पेनॉकला शिकवत होता. मेल्याचं काही खोटं नव्हतं.

"बरं," केझाया म्हणाली आणि तिने कढईतले मासे उलटले. "मग भांडा."

"काय करू?"

"भांडा म्हटलं. तू माझी भाची, हा तुझा नवरा. जत्रा करून घरी निघालोय आणि गाडीत तुमची जुंपलीय. चला, सुरू करा."

लेविनने घसा खाकरला. "हेस्टर, तू... आज यायला फार उशीर केलास."

"हो रे, चुकलंच माझं," हेस्टर म्हणाली. "किती वेळ उभा होतास? पाय दुखले असतील."

"छे गं, अजिबात नाही."

केझायाने झारा कपाळावर मारून घेतला. "हे भांडण? लेकरांनो, याला मागणी घालणं म्हणतात. हेस्टर, तू बोल. ह्याच्यात खोट काय ते सांग."

हेस्टरने लेविनकडे बघून पुष्कळ विचार केला. लेविनही बिचारा मदत म्हणून आपल्यात काय खोट असेल ते आठवत उभा राहिला.

"नाही बाई सापडत," हेस्टर म्हणाली.

"घोरत असेल."

"घोरतो."

"सापडलं! मग झोपमोड होत नाही तुझी?"

"होते ना. पण बरं वाटतं, मावशी. आलाय, एवढं तरी कळतं."

केझायाच्या कढईतला एक मासा करपला. तिने तो बाजूला काढला आणि पहिल्यांदाच जरा आवाज उतरवून विचारलं, "अरे, चार वर्षांत एकदाही भांडला नाहीत?"

"कधी भांडणार?" लेविन म्हणाला. "शनिवारी काम संपलं की मी चालायला लागतो, पोचेपर्यंत उजाडतं. रविवारी ऊन उतरलं की परत फिरायचं. आणि समज भांडलो, आणि पुढच्या रविवारी ओढ्याला पाणी आलं, नाहीतर मालकानं चिठ्ठीच दिली नाही, तर? ते भांडण घेऊन पंधरा दिवस कसे काढायचे मावशी?"

केझायाने झारा खाली ठेवला. तिचाही एक खरा आमोस होता. तोही रविवारचाच. तिनेही त्याला कधी एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता, चिखलाचे पाय घेऊन आत आला तरी हसून पुसून घेतलं होतं, आणि एका रविवारी तो आलाच नाही. गुरुवारीच त्याला दक्षिणेला विकून टाकलं होतं. पुढे केझायाला गुलामीतून मोकळीक मिळाली, पण आमोस कुठे गेला ते कधी कळलं नाही. बायकोने नवऱ्याला घालूनपाडून बोलायचा जो हक्क असतो, तो तिच्या पोटात तसाच साठून राहिला. उसन्या आमोसांवर ती पुलावर तोंड सोडायची, ते सगळंच काही सोंग नव्हतं.

"गाडीत बसा," ती म्हणाली. "बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही फक्त एकमेकांकडे बघू नका. तुम्ही बघता ते आंधळ्यालाही कळेल."

तिने आपली चर्चला जायची फितींची टोपी हेस्टरच्या डोक्यावर बसवली. गाडीत चढता चढता हेस्टरने लेविनला हळूच विचारलं, "माझ्या खोपटातून आईचा तवा आणलास ना?" आईच्या पाठी तेवढी एकच वस्तू तिला राहिलेली होती, जाड बिडाचा एक तवा. लेविनने टोपली मांडीवर घेतली आणि "आहे, सगळं आहे" असं काहीसं पुटपुटला. केझायाने ते ऐकलं, पण तिच्या डोक्यात पूल होता.

केझायाच्या खेचराचं नाव डीकन. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनसारखंच तेही प्रत्येक पाऊल टाकण्याआधी विचार करायचं. ऊन कलायला लागलं होतं तेव्हा गाडी पुलाच्या तोंडाशी पोचली. मागे जत्रेहून परतणाऱ्यांची रांग लागलेली, पुढे पेनॉक नेहमीसारखा कठड्याला टेकलेला, आणि त्याच्या शेजारी पिंपावर बसून तो मेरीलँडचा पाहुणा काडीने दात कोरत होता.

"काय केझाया, आज आमोस कुठं सांडला?" पेनॉक ओरडला.

"त्याला प्रवचनात देव सापडलाय, साहेब. मी देवाला म्हटलं, आता तूच ठेवून घे." केझायाने माशांचं फडकं उघडून त्याच्यापुढे धरलं. "ही माझी भाची. आणि हा तिचा नवरा. कामाचा कंटाळा आणि खायला काळ, पण जावई पडला ना!"

पेनॉक हसला आणि त्याने मासा उचलला. पाहुणा हसला नाही. तो पिंपावरून उतरून गाडीला वळसा घालून मागे आला. केझायाने मान वळवून पाहिलं. हेस्टरचा हात लेविनच्या बाहीवर होता.

"नवराबायको का?" पाहुण्याने विचारलं.

"कैक वर्षांचे!" केझाया म्हणाली.

"तुला नाही विचारलं. काय रे, तू सांग. कशी आहे बायको?"

एक शब्द पुरला असता. कजाग म्हण, आळशी म्हण, काही म्हण! केझाया मनातल्या मनात देवाला विनवत होती. पण लेविनच्या तोंडून ते येईना. "चांगली आहे, साहेब," तो म्हणाला, आणि वर त्याने हेस्टरकडे बघितलं. झालं. पाहुण्याच्या भुवया चढल्या. लग्नाला कैक वर्षं झालेला कुठला नवरा जत्रेहून घरी जाताना बायकोकडे असा बघतो?

"टोपलीत काय आहे?"

"तवा आहे, साहेब," हेस्टर म्हणाली. "माझ्या आईचा."

पाहुण्याने छडीच्या टोकाने टोपलीवरचं फडकं उचललं. अंधारात कोंबडी गप्प राहते आणि उजेड दिसला की तिला कंठ फुटतो. टोपलीतून एक लालभडक कोंबडी मान वर काढून बाहेर आली, तिने आधी पाहुण्याला, मग पुलाला, मग हेस्टरला नीट निरखलं आणि मोठ्यांदा आपलं मत सांगितलं.

हेस्टरने बाहीवरचा हात काढून घेतला.

"हे काय आहे?"

"कोंबडी," लेविन म्हणाला.

"कोंबडी आहे ते दिसतंय मला! तवा कुठाय?"

"तवा जड होता गं. एवढं चालत यायचं—"

"जड?" हेस्टरचा आवाज असा चढला की मागच्या गाडीतला घोडा बिचकला. "माझ्या आईचा तवा तुला जड झाला? आणि हे धूड हलकं?"

"ती रोज अंडं देते. मी म्हटलं सकाळी आपल्याला—"

"आणि ते अंडं तळू कशात? तुझ्या टोपीत?"

मागच्या रांगेत हशा पिकला. लेविनचे कान तापले. जन्मात पहिल्यांदा तो बायकोवर ओरडला. "तवे काय कुठंही मिळतात! अशी कोंबडी मिळत नाही! पिल्लू होती तेव्हापासून तळहातावर वाढवलीय मी हिला!"

"मग तिच्याबरोबरच झाडू ओलांडून लग्न लावायचं होतंस!"

"निदान ती माझ्याजवळ तरी असते, रोज! नाहीतर तू—"

लेविन आणखी दोन शब्द बोलला असता, तर दोघं कोण आहेत आणि कुठून आलेत ते सगळं त्या पुलावर सांडलं असतं. केझायाने लगामाचं टोक लेविनच्या पाठीत हाणलं. "नाहीतर ती असते बाजारात! बोल ना मेल्या! माझ्या भाचीनं बाजारात उन्हातान्हात बसून विकलं नाही तर गिळशील काय तू?"

"मावशी, तू मध्ये पडू नकोस!" हेस्टर तिच्यावरच उलटली. "माझा नवरा आहे. त्याला काय बोलायचं ते मी बोलेन!"

पेनॉक पोट धरून हसत होता. "सोड रे बाबा त्यांना," तो पाहुण्याला म्हणाला. "माझ्या घरी रोज हेच चालतं. फक्त कोंबडी नसते."

पाहुण्याने फडकं परत टोपलीवर टाकलं आणि तो तोंड वाकडं करून मागे सरला. "ही खरीच नवराबायको दिसतात," तो म्हणाला. "मला पळालेली माणसं हवीत, डोकं उठवणारी नकोत."

डीकनला भांडणाचा तिटकारा होता. त्या दिवशी त्याने विचार न करता पाऊल उचललं, आणि पूल मागे पडला.

पहिलं वळण गेल्यावर केझाया म्हणाली, "पुरे आता. झालं काम. शाबास!" पण ऐकतंय कोण? हेस्टर विचारत होती, तव्याला हात लावताना तुला माझ्या आईची आठवण झाली नाही का. लेविन सांगत होता, तुझ्या आईनंच मला ती कोंबडी वाढवायला शिकवली. हेस्टर म्हणाली, तिला मध्ये आणू नकोस. लेविन म्हणाला, मध्ये तूच आणलीस. मग गेल्या नाताळचं काहीतरी निघालं. मग लेविनचा भाऊ निघाला, तो हेस्टरला पहिल्यापासून आवडत नव्हता आणि हे तिने चार वर्षं गिळून ठेवलं होतं. चार वर्षांचं एकेक बाहेर येत होतं. दोघांचेही गळे बसायला आले होते, तरी कुणी माघार घेईना.

रस्ता चढणीला लागला. मक्याची शेतं दोन्ही बाजूंना सोनेरी झाली होती. समोर हद्दीचा दगड दिसायला लागला. केझायाचा एक रिवाज होता. त्या दगडापाशी ती खेचर थांबवायची आणि माणसांना म्हणायची, उतरा, इथून पुढे स्वतःच्या पायांनी चाला. कुणी तिथे गुडघे टेकायचं, कुणी गायचं, एक जण तर नुसताच मागे-पुढे करत दगड ओलांडत राहिला होता. केझायाला तो क्षण फार आवडायचा. खरं सांगायचं तर त्या क्षणासाठीच ती इतके नवरे करत होती.

डीकन सवयीने दगडापाशी थांबला. केझायाने वळून बघितलं. लेविन टोपीने वारा घेत होता आणि हेस्टर केझायाची फितींची टोपी हातात नाचवत त्याला त्याच्या भावाचे गुण सांगत होती. दोघांनाही दगड दिसला नाही. जगात दुसरं काही आहे, याचंच भान त्यांना नव्हतं.

केझायाने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने डीकनला हलकेच चुचकारलं, आणि त्या दोघांच्या भांडणासकट तिने गाडी हद्दीपार नेली.

थोडं पुढे गेल्यावर हेस्टरचा तोल सुटला. "बास! बास झालं!" ती ओरडली. "आता आठवडाभर मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही!"

नुसती चाकं वाजत राहिली. केझायाने मागे बघितलं नाही. बघवलंच नसतं तिला.

"आठवडाभर?" लेविनने विचारलं.

"हो. उद्यापासून. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही..." गुरुवारपाशी हेस्टरचा आवाज फुटला.

"मी समोर बसलेलो असेन तरी?"

"असशील तरी."

"बुधवारीसुद्धा असेन हं मी."

"असशील तर असशील!" हेस्टर आता हमसाहमशी रडत होती. पुढे केझायाही एप्रनने तोंड पुसत होती. त्यातलं रडू या दोघांचं किती आणि तिच्या स्वतःच्या आमोसचं किती, ते ती वेगळं करत बसली नाही.

"बोलणार नाही म्हणजे नाही," हेस्टर म्हणाली, आणि का बोलणार नाही, ते त्याला पहिल्यापासून सविस्तर सांगायला लागली.